दुबार पेरणीची घाई करू नका

जालना जिल्ह्यातल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, थोडक्यात देतो: "दोन वर्षं झाली, प्रार्थनेला बसलं की आतून काहीच येत नाही. आई गेली, त्याच वर्षी काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. मंडळीत संडे स्कूल घेते, पण 'देव आपलं ऐकतो' असं लेकरांना सांगताना ढोंग केल्यासारखं वाटतं. जाऊबाई म्हणतात, काहीतरी लपलेलं पाप असेल. एका सभेत एकवीस दिवसांचा उपवास सांगितला, तो अकराव्या दिवशी चक्कर येऊन मोडला. संडे स्कूल सोडून देऊ का? आणि हे असं किती दिवस चालायचं?"

ताई, प्रभूच्या नावात सलाम.

उपवासापासून सुरुवात करतो, कारण पत्रात तेवढी एकच ओळ तुम्ही दोनदा खोडून लिहिली आहे. अकराव्या दिवशी मोडला तो उपवास, विश्वास नव्हे. चक्कर आलेल्या माणसाला आधी खाऊ घालायचं असतं, एवढं तर देवदूतालाही कळत होतं. पहिल्या राजांच्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय काढा. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर ज्याच्या प्रार्थनेनं आकाशातून अग्नी उतरला, तोच एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या एका निरोपानं रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. मी तिथं असतो तर बहुधा कर्मेलाची आठवण करून देऊन त्याची खरडपट्टी काढली असती. देवदूतानं त्याला हलवून उठवलं आणि सांगितलं, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो जेवला आणि परत झोपला. दुसऱ्यांदा उठवलं तेही जेवायलाच. 'तू इथं काय करतोस?' हा प्रश्न देवानं विचारला तो चाळीस दिवसांनी, होरेबाला पोचल्यावर.

म्हणून तो उपवास पुन्हा धरू नका. निदान यंदा तरी नको. दोन वर्षांत तुम्हाला झोप कशी लागते, जेवण जातं का, याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. मला ते आधी कळायला हवं होतं. त्याकडं परत येतो.

तुम्ही शेतकऱ्याच्या घरातल्या, तुम्हाला मिरगाचं वेगळं सांगायला नको. रोहिणीत एखादी सर पडते, मातीचा वास सुटतो, शेजारच्या वावरात तिफण दिसते आणि आपल्याला दम निघत नाही. कृषी खातं दर वर्षी ओरडून सांगतं की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पण ऐकतो कोण? मग पंधरा दिवस आभाळ कोरडं. बी उगवतं आणि करपतं, नाहीतर उगवतच नाही. बियाण्याची पिशवी गेली, खत गेलं, आणि दुबार पेरणीला पुन्हा सावकाराचं दार. आत्मिक कोरड्या काळात विश्वासी माणसाचं बहुतेक नुकसान कोरडेपणानं होत नाही, घाईनं केलेल्या या दुसऱ्या-तिसऱ्या पेरणीनं होतं. एका सभेतून दुसऱ्या सभेत, या उपवासातून त्या उपवासात, हे प्रार्थनेचं पुस्तक सोडून ते. प्रत्येक वेळी थोडा ओलावा, प्रत्येक वेळी बी वाया. शेवटी माणूस म्हणतो, जमीनच नापीक आहे माझी. जमीन नापीक नसते हो. काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, आणि पाऊस आला की त्याच भेगांतून पाणी खोलवर उतरतं. पण भेगा पडलेल्या असताना त्यात बी टाकायचं नसतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. 1993 सालच्या 30 सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी. गणपती विसर्जनाची रात्र, लोक उशिरा झोपलेले. दगडाच्या रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरं अंगावर आली. मी तेव्हा सेवेत नवा, जेमतेम सव्वीस वर्षांचा. दोन दिवसांनी आमच्या मंडळीची चार माणसं कपडे आणि पोहे-मुरमुरे घेऊन गेली, त्यात मी होतो. खिशात छोटं बायबल. वाटेत जीपमध्ये मी मनातल्या मनात एक प्रार्थना रचून ठेवली होती, सेहेचाळिसाव्या स्तोत्रावरून: देव आमचा आश्रय, पृथ्वी ढळली तरी आम्ही भिणार नाही.

एका पडलेल्या घरापाशी एक म्हातारा हातानं माती उपसत होता. मी जवळ गेलो, बाबा म्हणून हाक मारली, आणि प्रार्थना करू का असं विचारायला तोंड उघडलं. त्यानं वर न बघताच एक पोतं माझ्याकडं फेकलं. "तोंड धरा त्याचं." खाली कणगी फुटली होती आणि ज्वारी मातीत कालवली होती. तो ओंजळीनं ज्वारी काढायचा, फुंकर मारायचा, पोत्यात टाकायचा. मी पोत्याचं तोंड धरून बसलो. मध्येच पाऊस आला तेव्हा त्यानं एवढंच म्हटलं, "नीट धरा, भिजंल." त्याच्या घरातलं कोण गेलं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. संध्याकाळी पोतं अर्धं भरलं. माझी रचलेली प्रार्थना खिशातच राहिली.

परत आलो आणि माझं सगळं बंद पडलं. रविवारी उपासना चालवायचो, प्रभुभोजन द्यायचो, लग्नं लावायचो, आणि आतून घागर रिकामी. मी काय केलं असेल? दुबार पेरणी. रात्रभर प्रार्थना, तीन दिवसांचा उपवास, पुण्या-मुंबईकडच्या दोन मोठ्या सभा. एका सभेत सगळे रडत होते, मीही रडलो. आठ दिवसांनी आधीपेक्षा वाईट अवस्था. तेव्हा आमच्या भागातले एक म्हातारे पाळक होते, निवृत्त, बाजेवर बसून तंबाखू मळणारे (होय, पाळक तंबाखू खात, आणि आम्ही कुजबुजायचो). त्यांच्याकडं गेलो आणि राजीनामा द्यायचं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तुझे शब्द संपलेत ना? मग दुसऱ्याचे वापर. रोज एक स्तोत्र मोठ्यानं वाच. आपलं एक अक्षर त्यात घालू नको. आणि हे चालू असताना काही ठरवू नको." बस. मला वाटलं, म्हाताऱ्यानं टाळलं.

आज इतक्या वर्षांनी लोकांना मी जवळजवळ तेच सांगतो. कारणही सांगतो, म्हातारबांनी सांगितलं नव्हतं ते.

दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एकतृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. म्हणजे देवाच्या लोकांचं गाण्याचं पुस्तकच तक्रारींनी भरलेलं आहे, आणि आपण मात्र उपासनेला ती वाचत नाही. तेविसावं, एकशे एकविसावं, शंभरावं, एवढ्यातच फिरतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी आशेची ओवी जोडलेलीच नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. विलापगीत पाहा. यरुशलेम पडल्यानंतरचा आक्रोश, पण पहिले चार अध्याय हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांच्या क्रमानं रचलेले. अ पासून ज्ञ पर्यंत रडायचं, असं समजा. इतकं मोठं दुःख पेलायला त्या माणसानं बाराखडीचा आधार घेतला. आपल्याला भावना उमलून येईपर्यंत थांबायचं असतं, असा आपला समज. त्यानं आधी चौकट घेतली आणि तिच्यात रडला. तुम्हाला प्रार्थनेला काही सुचत नाही, तर सुचवून घेऊ नका. तयार चौकट घ्या.

चौकट किती लहान असावी? आमच्या बीडकडच्या एका मंडळीत दसऱ्यानंतर बाकं रिकामी होतात. माणसं उचल घेऊन ऊसतोडीला जातात ती पाडव्याच्या आसपास परत येतात. तिथल्या एका बहिणीला मी एकदा विचारलं, सहा महिने ना उपासना, ना पाळक, ना बायबल उघडायला उजेड, कसं करता? ती म्हणाली, "मोळी बांधता बांधता प्रभूची प्रार्थना म्हणते. रोज पुरी होत नाही. भाकरीपर्यंत येते, तेवढ्यात गाडी भरायला हाक येते." म्हणजे 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' इथवर. पुढचं उद्या? मी विचारलं. "नाही, उद्या परत पहिल्यापासून." मी तिला विश्वासात पुढं गेलेली समजतो. ती स्वतःला समजत नाही.

तेव्हा ताई, सकाळी चहा ठेवला की तो उकळेपर्यंत एक स्तोत्र, किंवा प्रभूची प्रार्थना जिथवर जाईल तिथवर. दोन्ही नको, एकच. रोज. काही वाटलं नाही तरी चालेल. वाटतं का ते तपासत बसू नका. पेरलेलं बी रोज उकरून पाहणारा शेतकरी तुम्ही पाहिला आहे का?

आता जाऊबाईंचं. ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढं त्यांचं काम उत्तम होतं. आठव्या दिवशी तोंड उघडलं आणि बिघडवलं. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही प्रभूला तेच विचारलं होतं, पाप याचं की याच्या आईबापांचं? प्रभूनं दोन्ही नाकारलं. पण मी पापाचा विषय झटकूनही टाकणार नाही, कारण कधीकधी ते कारण असतं. माझा अनुभव असा की पाप असेल तर पवित्र आत्मा नाव घेऊन दाखवतो: अमक्याचे पैसे दडवले, तमकीशी दोन वर्षं बोलत नाहीस. तिथं काय करायचं हेही लगेच कळतं. 'काहीतरी असेल' हे मोघम बोट आत्म्याचं नसतं. ते दोष लावणाऱ्याचं, म्हणजे सैतानाचं असतं. एक संध्याकाळ शांत बसून स्वतःला विचारा. नाव पुढं आलं तर ते मिटवा. नाही आलं तर उकरू नका. जाऊबाईंशी भांडूही नका. घाबरलेली माणसं असंच बोलतात. तुमच्यावर आलं ते आपल्यावर येणार नाही, याची खात्री त्यांना हवी असते.

एक भेद मात्र नीट करायला हवा, आणि इथं आम्हा पाळकांकडून फार चुका झाल्या आहेत. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये क्रूसाचा योहान म्हणून एक संन्यासी होता. त्याच्याच पंथाच्या लोकांनी त्याला टोलेडोच्या एका कोठडीत नऊ महिने कोंडलं, 1577 ते 78. त्यानं आत्मिक कोरडेपणाची जी लक्षणं लिहिली त्यात एक फार उपयोगी आहे: देवाची गोडी वाटत नाही, पण आपण देवाची सेवा करत नाही याची सारखी टोचणीही लागते. ज्याचा विश्वास खरोखर थंडावला, त्याला टोचणी नसते. तो मजेत असतो. तुम्ही चार पानं लिहिलीत, यावरून तुम्ही मजेत नाही हे उघड आहे. पण तोच योहान आणखी एक लक्षण सांगतो, की इतर कशातही गोडी वाटत नाही. आणि हे लक्षण नैराश्याच्या आजारातही असतं. शोकातही असतं, तुमची आई जाऊन दोनच वर्षं झाली आहेत.

मी डॉक्टर नाही. पण झोप मोडली असेल, जेवण तुटलं असेल, सकाळी उठणंच जड जात असेल, लेकरांचं हसणंही आत पोचत नसेल, तर ते केवळ आत्मिक समजून मंडळीत बसू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात, त्यांना दाखवा. 'टेली मानस' या सरकारी सेवेचा 14416 हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि जगू नये असा विचार एकदा जरी डोकावला असेल, तर त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा. गोळी घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास, असं म्हणणारे लोक भेटतील. त्यांनाच ताप आला की पॅरासिटामॉल चालतं.

संडे स्कूलबद्दल. म्हातारबा म्हणाले होते ते तुम्हालाही सांगतो: हे चालू असताना काही ठरवू नका. पुढं वाचनात कळलं की हा सल्ला त्यांचा नव्हता. लोयोलाचा इग्नेशियस या कॅथलिक संतानं सोळाव्या शतकातच हा नियम घालून दिला होता, की उजेडात केलेला निश्चय अंधारात बदलू नये. आमचे म्हातारबा पक्के प्रॉटेस्टंट, त्यांना हे कळलं असतं तर तंबाखू थुंकली असती. पण नियम खरा आहे. सोडू नका, फक्त हलकं करा. दोन रविवार दुसऱ्या ताईंना घेऊ द्या, दोन तुम्ही घ्या.

आणि लेकरांना 'देव आपलं ऐकतो' एवढंच सांगायची सक्ती तुमच्यावर कोणी केली आहे? त्यांना हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक सांगा. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात दाणा नाही, गोठ्यात जनावर नाही. हे मराठवाड्याच्या लेकरांना समजावून सांगावं लागत नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून आगगाडीनं लातूरला पाणी आलं, ते आज कॉलेजात असलेल्या मुलांनी लहानपणी स्वतः हंडे लावून पाहिलं आहे. हबक्कूक पहिल्या अध्यायात देवाशी चक्क भांडतो, मी कोठवर ओरडू आणि तू ऐकणार नाहीस? तुमच्या तोंडी हे ढोंग वाटणार नाही. एखादं पोर म्हणेल, ताई, मग देवानं ऐकलं का? तेव्हा खरं सांगा: मला अजून माहीत नाही, मीपण विचारतेय. माझ्या मते त्या दिवशीचा तुमचा वर्ग दहा वर्षांतला चांगला वर्ग असेल.

आमच्या मंडळ्यांत साक्षीची एक खोड आहे, ती इथं बोलून घेतो. साक्ष म्हणजे आजार होता, गेला. कर्ज होतं, फिटलं. कोरडेपणा होता, पवित्र आत्म्यानं भरलं. 'अजून चालूच आहे' अशी साक्ष द्यायला कुणी उठत नाही, आणि उठलं तर पाळक चुळबुळ करतो. त्यामुळं जो मधोमध आहे त्याला वाटतं, आपण एकटेच. पंडिता रमाबाईंचा 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. पुढं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडायचा राहिला होता. तो सापडायला आणखी सुमारे आठ वर्षं गेली. त्या आठ वर्षांत त्या बसून राहिल्या नव्हत्या. विधवांसाठी शारदा सदन त्याच काळात उभं राहिलं. आतल्या मोसमाचा आणि हातातल्या कामाचा मेळ रोज जुळलाच पाहिजे, असं काही नाही.

किती दिवस, हे विचारलंत. माझं चौदा महिने चाललं. तुमचं किती चालेल ते मला सांगता येणार नाही, आणि तारीख सांगणाऱ्या सेवकापासून चार हात लांब राहा. संपलं तेव्हा पहिला गोडवा परत आला असंही नाही. संडे स्कूलच्या वयात प्रभूचं नाव घेतलं की अंगावर काटा यायचा, तो काटा मला पुन्हा आला नाही. आलं ते वेगळंच. दुखवट्याच्या घरी गेलो की पूर्वी मी वचन शोधायचो. नंतर मला आधी पोत्याचं तोंड दिसायला लागलं. कुणाला पाणी हवं आहे, कुणाच्या लेकराला झोपवायचं आहे, ते. प्रार्थना तोकडी झाली, आणि खरी झाली असं मला वाटतं.

तुमच्या जालन्याजवळच बेथेल आहे, नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलेलं ख्रिस्ती गाव. नाव बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकातून घेतलेलं. याकोब घरातून पळालेला, धोंडा उशाला घेऊन उघड्यावर झोपलेला, आणि जागा झाल्यावर म्हणतो की परमेश्वर या ठिकाणी होता आणि मला ठाऊकच नव्हतं. झोपताना नव्हे, जागा झाल्यावर. कधी जमलं तर बेथेलच्या चर्चमध्ये एक दुपार नुसती बसून या. प्रार्थना केलीच पाहिजे असं नाही.

सुरुवात तेराव्या स्तोत्रापासून करा. सहाच ओव्यांचं आहे, चहा उकळायच्या आत होतं. पहिल्या दोन ओव्या 'कोठवर?' विचारणाऱ्या आहेत, पुढच्या दोन विनवणीच्या, त्या चारही मोठ्यानं वाचा, सासूबाईंनी ऐकलं तरी चालेल. पाचवी आणि सहावी भरवशाची आणि गाण्याची आहे. ती सध्या तोंडातून निघत नसेल तर चौथीवरच थांबा आणि गॅस बंद करा. त्या दोन ओव्या रविवारी मंडळी म्हणेल, तुमच्या बाजूच्या बाकावर बसून.